थांबू शकणारे दुखणे

उपचारासाठी परदेशी जाणे ही मराठी समाजात दीर्घकाळ श्रीमंतीची खूण मानली जात होती. गेल्या काही दशकांत मात्र या प्रवासाची दिशा आणि कारण दोन्ही बदलली असून, ज्यांना आपल्या देशातील उपचार परवडत नाहीत किंवा वेळेवर मिळत नाहीत असे अमेरिकेतील, इंग्लंडमधील, आखातातील आणि आफ्रिकेतील लोक आता स्वस्त उपचारासाठी सीमा ओलांडतात. या व्यवहाराला 'वैद्यकीय पर्यटन' म्हणण्याची प्रथा पडली आहे. हा शब्द फारसा सुखाचा नाही, कारण सुजलेली हिरडी किंवा झिजलेला गुडघा घेऊन विमानात बसलेला माणूस कोणत्याही अर्थाने पर्यटक नसतो. तरीही तो रूढ झाला आहे. या प्रवासाचा नीट विचार करायचा तर विमानतळापासून सुरुवात करण्यापेक्षा एखाद्या अशा भूभागापासून करणे सोयीचे ठरते, जिथे आरोग्यासाठी बाहेरून लोक येतात आणि आरोग्यासाठीच तिथल्या लोकांना बाहेर जावे लागते. रायगड जिल्ह्यातील खालापूर आणि कर्जत हे तालुके नेमके असे आहेत.

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 मध्ये माथेरानचे पठार गाठल्यानंतर कर्जत तालुक्यातील हा डोंगर मुंबईकरांच्या हवापालटाचे ठिकाण बनला, आणि 1907 मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर जाऊ लागल्यावर ज्याला पालखी किंवा घोडा झेपत नसे असा अशक्त माणूसही तिथे पोहोचू लागला. क्षयावर प्रभावी औषधे येण्यापूर्वीच्या काळात 'हवापालट' हा केवळ विरंगुळा नव्हता, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला उपचार होता. दम्याचा, क्षयाचा किंवा दीर्घ तापातून उठलेला रोगी काही आठवडे डोंगरावर जाऊन राही. घाटाखाली पनवेलात 1872 पासून धूतपापेश्वरची आयुर्वेदीय औषधे तयार होत होती, आणि बोरघाट चढून गेल्यावर लोणावळ्याला 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केल्यापासून योगोपचारासाठी देशोदेशीचे लोक तिथे येऊ लागले. भारत सरकारने 2023 मध्ये पारंपरिक उपचारपद्धतींसाठी येणाऱ्या परदेशी लोकांकरिता 'आयुष व्हिसा' हा वेगळा प्रकार सुरू केला, तेव्हा ज्या प्रकारच्या प्रवासाला कागदोपत्री नाव मिळाले, तो या परिसराला शंभर वर्षे तरी परिचित होता.

उलट दिशेचा जुना प्रवास मुंबईच्या धनिकांचा होता. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा त्यांच्यावर वेल्समधील रूथिन येथे उपचार झाले आणि 1931 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी स्वतः दोराबजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे वारले. ज्या रोगावर मुंबईत उपचार नव्हता त्यासाठी टाटांना समुद्र ओलांडता आला, इतरांना ते शक्य नव्हते, ही जाणीव या मृत्यूंमागोमाग टाटा विश्वस्तनिधीच्या कामात उतरली आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे आणि त्याच संस्थेचे संशोधन व उपचार केंद्र रायगड जिल्ह्याच्या हद्दीत, खारघरला उभे आहे. वेल्सपर्यंत जावे लागणारे अंतर अशा रीतीने खालापूरपासून तासाभरावर आले. परदेशी उपचाराच्या प्रवासातून मायदेशात एवढी मोठी संस्था उभी राहण्याचे उदाहरण क्वचितच सापडेल.

आजच्या प्रवासात मात्र कर्करोगापेक्षा दाढदुखी अधिक आढळते, आणि त्याचे कारण दातांच्या वैद्यकाच्या इतिहासात आहे. 1840 मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे दंतवैद्यकाचे पहिले स्वतंत्र महाविद्यालय निघाले आणि तेव्हापासून दात हा शरीराचाच भाग असूनही त्याचे शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि पुढे त्याचा विमा हे सारे उरलेल्या शरीरापासून वेगळे पडत गेले. अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांसाठीची मेडिकेअर ही सरकारी योजना दातांचे नेहमीचे उपचार देत नाही. ऑस्ट्रेलियातील त्याच नावाच्या योजनेतूनही प्रौढांचे दात बहुतांशी बाहेरच राहिले. कॅनडाला स्वतंत्र राष्ट्रीय दंतयोजना आणण्यासाठी 2023 साल उजाडावे लागले. ब्रिटनने 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली तेव्हा दात आणि कवळ्या मोफत होत्या, परंतु गर्दी आणि खर्च पाहून अवघ्या तीन-चार वर्षांत त्यांवर आकारणी सुरू झाली, आणि आज तिथली अडचण आकारणीपेक्षाही या सेवेत नवे रुग्ण घेणारा दंतवैद्य सापडण्याची आहे. अमेरिकेत खासगी दंतविमा असतो, मात्र त्याला वर्षाची कमाल मर्यादा असते, आणि एका दाढेचे रूट कॅनाल व त्यावरची कॅप एवढ्याने ती बहुधा संपते.

या कामाचा अमेरिकेतील खर्च सहज 2,000 डॉलरांच्या पुढे जातो, तर तेच काम पुण्यात, ठाण्यात किंवा पनवेलात सर्वसाधारणपणे 10 ते 20 हजार रुपयांत होते. फरक एका दाढेपुरता असता तर विमानाचे तिकीट परवडले नसते, पण चार दाढा, आईवडिलांची भेट आणि घरातले लग्न एकत्र आले की हिशेब जमतो. जगात अशी गावे ठिकठिकाणी आहेत: अमेरिकेच्या सीमेला लागून मेक्सिकोतील लॉस अल्गोडोनेस या काही हजार वस्तीच्या गावात शेकडो दंतवैद्य आहेत, आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरील हंगेरीची शोप्रोन, मोशोनमाग्यारओवार ही शहरे शेजारच्या देशातील दातांवरच चालतात. महाराष्ट्रात असे एकच गाव नाही, कारण इथे येणारा रुग्ण बहुधा परका नसतो. न्यू जर्सीतील किंवा लंडनमधील मराठी कुटुंब नाताळच्या सुटीत घरी येते आणि येण्याआधीच बहिणीने किंवा वहिनीने डोंबिवलीतल्या नेहमीच्या दंतवैद्याकडे वेळ घेऊन ठेवलेली असते. हे लोक भारतीय पारपत्रावर किंवा ओसीआय कार्डावर येत असल्याने त्यांना वैद्यकीय व्हिसा लागत नाही आणि उपचारासाठी आलेले म्हणून त्यांची सहसा नोंदही होत नाही. वैद्यकीय पर्यटनाचा मराठी चेहरा सरकारी आकडेवारीत म्हणूनच फारसा दिसत नाही. याच व्यवहाराची दुसरी बाजू अशी की, मुलांकडे सहा महिन्यांसाठी निघालेले आईवडील जाण्यापूर्वी 'दातांचे काम उरकून' घेतात, कारण प्रवासविम्यात दातांसाठी मिळते ते फार तर अचानक उठलेली कळ थांबवण्यापुरते असते.

सुटीत दात करून घेणाऱ्यांनी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, ती म्हणजे दातांच्या कामाला स्वतःचे कॅलेंडर असते. रूट कॅनाल म्हणजे दाताच्या मुळातील किडलेला गर आणि मज्जातंतू काढून ती पोकळी निर्जंतुक करून भरणे. हे एक ते तीन बैठकांत होते. त्यानंतर दाढ ठिसूळ राहते म्हणून तिच्यावर टोपण बसवतात, त्यालाच कॅप म्हणतात. त्यासाठी दाढ चहूबाजूंनी कोरून बारीक केली जाते. मग रबरी वाडग्यात पाणी आणि भुकटी पात्याने झरझर घोटून केलेला, बहुधा गुलाबी रंगाचा लगदा साच्यात भरून रुग्णाच्या तोंडात दाबून धरतात, तो दोनेक मिनिटांत घट्ट होतो आणि ओढून काढला की त्यात प्रत्येक दाताचा ठसा उमटलेला असतो. त्या ठशात प्लॅस्टर ओतून दातांची प्रतिकृती होते. खिडकीजवळच्या उजेडात रंगपट्टीवरचे छोटे दात रुग्णाच्या खऱ्या दातांशेजारी धरून छटा ठरवली जाते आणि सारे सामान प्रयोगशाळेकडे जाते, जिथे एक तंत्रज्ञ ते टोपण घडवतो. नव्या दवाखान्यांत लगद्याची जागा तोंडात फिरवायच्या छोट्या कॅमेऱ्याने घेतली आहे, तरी कॅप तयार होऊन, बसवून, चावताना कुठे उंच लागते ते निळ्या कागदावर तपासून घासेपर्यंत आठवडा सहज जातो. तीन आठवड्यांच्या सुटीत एवढे बसते.

इम्प्लांट मात्र बसत नाही. इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना 1950 च्या दशकात सशांच्या हाडांवर प्रयोग करताना असे आढळले की टायटॅनियम हाडाशी इतके एकजीव होते की ते मोकळे करता येत नाही, आणि या निरीक्षणाच्या आधारे 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. हाडाने धातूला धरण्याच्या या क्रियेला साधारण तीन ते सहा महिने लागतात, म्हणून पहिल्या फेरीत स्क्रू आणि पुढच्या फेरीत त्यावरचा दात असा दोन प्रवासांचा हिशेब करावा लागतो. काही निवडक रुग्णांत स्क्रूवर लगेच तात्पुरता दात बसवता येतो, परंतु 'दहा दिवसांत सगळे दात' अशी सरसकट जाहिरात दिसली तर ती शंकेनेच वाचलेली बरी. तुर्कस्तानात स्वस्तात शुभ्र दात करून घेण्यासाठी गेलेल्या अनेक ब्रिटिश तरुणांचे धडधाकट दात कॅप बसवण्यासाठी खुंटासारखे कोरले गेले आणि मायदेशी परतल्यावर दुरुस्तीची पाळी आली, याची बरीच चर्चा झाली आहे. कोरलेला दात पुन्हा वाढत नाही, एवढी गोष्ट जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

भारतातील उपचार स्वस्त असण्याचा अर्थ ते हलके असतात असा नव्हे. जागेचे भाडे, परिचारिकेचा व तंत्रज्ञाचा पगार, डॉक्टरच्या डोक्यावरील शिक्षणाचे कर्ज आणि वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांसाठी त्याला भरावा लागणारा विमा, या चारही गोष्टी पश्चिमेत महाग आणि इथे स्वस्त आहेत. मोठ्या शस्त्रक्रियांत शासनाच्या दरनियंत्रणाचाही वाटा आहे: हृदयाच्या रोहिणीत घालायच्या औषधी स्टेंटची किंमत फेब्रुवारी 2017 मध्ये 29,600 रुपयांवर बांधली गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या नेहमीच्या कृत्रिम सांध्याची किंमत कर वगळून 54,720 रुपये ठरवली गेली. परदेशी रुग्णाला रुग्णालय वेगळे 'पॅकेज' सांगत असले तरी त्या पॅकेजच्या तळाशी इथलेच दर असतात. स्वस्ताईचे आणखी एक कारण क्वचितच बोलले जाते, ते असे की इथल्या दंतवैद्यांचा हात सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत गरीब रुग्णांच्या तोंडांवर बसलेला असतो.

या गरीब रुग्णांत खालापूरचा माणूसही असतो. तालुक्यातील खोपोलीहून निघालेली लोकल कर्जतमार्गे सुमारे 115 किलोमीटर अंतर कापून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलजवळ 1933 पासूनचे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे, आणि अलीकडच्या काळात कामोठे, खारघर, नेरूळ या पट्ट्यात खासगी दंत महाविद्यालये झाली आहेत. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्ण लागतात म्हणून तिथे दर कमी असतो. केसपेपर काढायचा, तपासणीच्या विभागात बसायचे, मग क्ष-किरण, मग दात काढण्याचा किंवा भरण्याचा विभाग, प्रत्येक पायरीवर विद्यार्थी काम करणार आणि शिक्षक येऊन पाहणार. काम बहुधा नीट होते, पण सावकाश होते. खासगी दवाखान्यात लवकर संपणारी कवळी इथे पाच-सहा फेऱ्या घेते, आणि रोजंदारीवरच्या माणसासाठी प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेला दिवस. उपचार जवळपास फुकट आणि प्रवास महाग, असे हे गणित न्यू जर्सीच्या पाहुण्याच्या गणितापेक्षा फारसे निराळे नाही. फरक एवढाच की तिथे प्रवासाचा खर्च डॉलरच्या दरातून भरून निघतो आणि इथे तो मजुरीतून जातो.

शासनाच्या विमायोजनेनेही दातांना बाहेरच ठेवले आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले, पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, जबड्याच्या शस्त्रक्रिया यांसाठी ती खरोखर आधार ठरली आहे, परंतु किडलेली दाढ भरणे, रूट कॅनाल, कवळी या गोष्टी तिच्यात बसत नाहीत. अर्थात ज्यांच्याकडे खासगी मेडिक्लेम आहे त्यांचेही संरक्षण सहसा अपघातात मोडलेल्या दातापलीकडे जात नाही.

खर्च आणि बुडणारा दिवस यांमुळे दातांचे काम पुढे ढकलले जाते, आणि पुढे ढकलण्याचा हा रोग सर्वांत महाग पडतो तो कातकरी आणि ठाकूर या आदिवासींच्या वाड्यांवर. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. या सात-आठ महिन्यांत दाढ दुखली तर तिच्यावर मशेरी लावली जाते. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. ती दातांना चोळली की हिरडी थोडी बधिर होते, कळ कमी वाटते आणि सवय जडते, आणि औषध म्हणून घेतलेली हीच पूड वर्षानुवर्षांनी तोंडाच्या कर्करोगाकडे नेते. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांच्या गालाचे आतले अस्तर ताठर होऊन तोंड हळूहळू मिटत जाते. अशा रुग्णाला दंत महाविद्यालयातील विद्यार्थी स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालायला सांगतो आणि दोनच बोटे गेली तर पुढची तपासणी लिहितो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, हे तो रुग्णही जाणतो. दाढेसाठी न झालेला प्रवास अशा वेळी खारघर किंवा परळपर्यंत करावाच लागतो.

तिथे पोहोचल्यावर राहायचे कुठे हा प्रश्न देशी आणि परदेशी रुग्णाला सारखाच असतो. परदेशी रुग्णाच्या वैद्यकीय व्हिसासोबत दोन नातेवाइकांना सोबती म्हणून व्हिसा मिळू शकतो आणि रुग्णालयाजवळची अतिथिगृहे त्यांच्यावर चालतात. गावाकडून आलेल्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि 1968 पासून काम करणारी परळची नाना पालकर स्मृती समिती आहे, जिथे जागा मिळणे हाच अनेकदा उपचाराचा अर्धा भाग असतो. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखण्याचे बंधन उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 2006 पासून आहे. परदेशी रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष असलेली काही नामांकित रुग्णालयेही याच बंधनाखाली येतात, ही गोष्ट ग्रामीण रुग्णाला त्याच्या शिधापत्रिकेइतकी पाठ असायला हवी.

सीमा ओलांडणाऱ्या रुग्णाभोवती मध्यस्थांचा एक वर्ग तयार होतो, जो भाषा, विमान, निवास आणि डॉक्टर यांची सांगड घालतो व त्याबद्दल रुग्णालयाकडून टक्केवारी घेतो. मराठी वाचकाला हा प्रकार 'कट प्रॅक्टिस' या नावाने ठाऊक आहे. रायगडमधीलच महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचुदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून हजारोंचे प्राण वाचवण्याचा मार्ग दाखवला, त्यांनी 2013 मध्ये एका तपासणी केंद्राकडून आलेला 1,200 रुपयांचा धनादेश परत करून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली, तेव्हा हा विषय राज्यभर बोलला गेला. रुग्ण जितक्या दुरून येतो तितकी त्याची पारख कमी आणि मध्यस्थाची टक्केवारी जास्त, असा अनुभव आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, त्यामुळे भारतात बिघडलेल्या कामाबद्दल दाद मागता येते, परंतु तारखांमागून तारखा पडत लांबणाऱ्या सुनावणीसाठी शिकागोहून किंवा नैरोबीहून येत राहणे कुणाला जमणार? म्हणून जाणकार दंतवैद्य परदेशी निघालेल्या रुग्णाच्या हाती काही कागद देतात: उपचारापूर्वीचे आणि नंतरचे क्ष-किरण, कॅप कोणत्या पदार्थाची आहे त्याची नोंद, आणि इम्प्लांट असेल तर त्याच्या कंपनीचे नाव, आकार व बॅच क्रमांक दाखवणारे चिकटपत्र. हे चिकटपत्र हरवले तर पाच वर्षांनी सैल झालेला स्क्रू उघडायला कोणता पाना लागेल हे तिकडच्या दंतवैद्याला कळत नाही.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि तो रायगड जिल्ह्याच्या भूमीवर आहे, म्हणजे परदेशी रुग्ण आता मुंबई शहरात न शिरताही पनवेल आणि खारघरच्या दवाखान्यांत पोहोचू शकतो. त्याच पनवेलहून कर्जतकडे येणारा, मंजूर होऊन उभारणीला लागलेला उपनगरी रेल्वेमार्ग खालापूर तालुक्यातील चौकवरून जातो. चौकच्या माणसाला आज कामोठ्याच्या दंत महाविद्यालयात जायचे तर मुंबई–पुणे रस्त्यावर एसटीची किंवा सहा आसनी रिक्षाची वाट पाहत उभे राहावे लागते, आणि तिथली केसपेपरची खिडकी सकाळच्या वेळेतच उघडी असते.